रेशीम बाहेर, सूत आत

ईदची नमाज आटोपून लोक ईदगाहच्या फाटकातून बाहेर पडू लागले की एक वाक्य हमखास कानावर येते. कधी ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचे असते, कधी शिरखुर्म्याला घरी येणाऱ्या जुन्या मित्राचे. "गरिबी गरिबी म्हणतात, पण कपडे बघा यांचे!" बोलणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईटच असते असे नाही. त्याच्यासमोरून पांढऱ्याशुभ्र कुर्त्यांची रांग चाललेली असते, अत्तराचा वास दरवळत असतो. त्या रांगेतला हमाल कोण, गॅरेजवाला कोण आणि वकील कोण, हे त्या एका सकाळी ओळखू येत नाही.

दुसरे वाक्य आपल्याच माणसांचे असते. रमजानच्या अखेरच्या जुम्याला फुजूलखर्चीवर तकरीर होते. बाजारातली गर्दी, चाँदरातीला पहाटेपर्यंत चालणारी शिलाई मशिने, उधारीवर घेतलेले जोड, सगळ्याचा उद्धार होतो आणि साधे राहा असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचे सगळेच चुकते असे नाही. उधारीचा जोड अंगावर चढवून ईद करणारी आणि पुढचे चार महिने त्याचे हप्ते फेडणारी घरे मीही पाहिली आहेत.

पण दोन्ही वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. देखणे कपडे ही पैसेवाल्यांची मालमत्ता आहे आणि कमी कमाईचा माणूस ते घालतो तेव्हा तो कुणाची तरी नक्कल करत असतो, ही ती गोष्ट. दख्खनच्या कापडाचा इतिहास चाळला की हे गृहीतक फार वेळ टिकत नाही. थोड्या रेशमात जास्तीत जास्त रुबाब कसा आणायचा, यावर इथल्या आणि शेजारच्या गुजरातच्या विणकरांनी शतकानुशतके डोके चालवले. त्यातून दोन अशी कापडे निघाली की त्यांची नावेच या विचारावर पडली. एक मशरू आणि दुसरे हिमरू.

मनाई नेमकी कशाची?

मशरूची गोष्ट धर्मापासून सुरू होते, म्हणून आधी तिकडे वळू.

कुरआनच्या सातव्या सूरहमध्ये, अल-आराफमध्ये, नमाजच्या वेळी आपली शोभा धारण करण्याचा आदेश आहे. त्याच आयतीत खाण्यापिण्याची मुभा आहे आणि उधळपट्टीची मनाईही आहे. लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी काढलेली ही शोभा हराम ठरवली कोणी, असा सवाल केला आहे. म्हणजे शोभा आणि उधळपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेच स्पष्ट होते. तकरीर ऐकताना आपण बहुतेक वेळा उत्तरार्ध तेवढा ऐकतो.

हदीसमध्येही तोच सूर आहे. हजरत उमर (रजि.) यांनी बाजारात एक रेशमी पोशाख पाहिला आणि ईदला व बाहेरून येणाऱ्या शिष्टमंडळांना भेटताना घालायला तो घ्यावा, असे प्रेषित मुहंमद (स.) यांना सुचवले. प्रेषितांनी नकार दिला, पण रेशमामुळे दिला. ईदला नटण्याला त्यांची हरकत नव्हती. कामाच्या कपड्यांखेरीज जुम्यासाठी एक वेगळा जोड राखावा, असेही त्यांनी सुचवल्याची नोंद आहे. आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. एक माणूस मळक्या, गबाळ्या कपड्यांत त्यांच्याकडे आला. तुझ्याकडे मालमत्ता आहे का, असे विचारल्यावर त्याने उंट, मेंढ्या, घोडे अशी यादीच सांगितली. मग त्या देणगीची खूण तुझ्या अंगावर दिसू दे, असे त्याला सांगण्यात आले.

पुरुषांना मनाई झाली ती रेशमाची आणि सोन्याची. तीही अगदी आंधळेपणाने नाही. किनारीला चार बोटे रुंदीपर्यंतचे रेशीम चालेल, अशी सवलत हजरत उमर यांच्याच रिवायतीत आहे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि जुबैर या दोन सहाबींना अंगाला खाज सुटत होती म्हणून रेशमी कपडे घालण्याची मुभा दिली गेली होती.

इथे एक गमतीचा योग आहे. ज्यांच्या नावाने आपल्यातले बहुसंख्य लोक हनफी म्हणवतात, ते इमाम अबू हनीफा (इ.स. 699 ते 767) कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते आणि तेही उंची रेशमी मिलावटीच्या कापडाचे. स्वतः टापटीप राहत. एकदा फाटक्या कपड्यांत बसलेल्या एका माणसाला त्यांनी थांबवून घेतले आणि सगळे गेल्यावर पैसे देऊ केले, अशी गोष्ट सांगतात. तो म्हणाला, मी चांगला खातापिता माणूस आहे. तेव्हा इमामसाहेबांनी त्याला सुनावले की मग तसा दिस तरी, तुझ्या मित्रांना तुझी काळजी वाटते.

हनफी फिकहमध्ये मिलावटी कापडाबद्दल जो नियम आहे तो वाचताना वाटते की हा नियम करणाऱ्यांना मागाची जाण होती. कापडात उभे धागे असतात तो ताणा आणि आडवे असतात तो बाणा. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असेल तर असे कापड पुरुषाने घालायला हरकत नाही. उलट असेल, म्हणजे बाणा रेशमाचा असेल, तर सर्वसाधारणपणे मनाई. कारण ताणा नुसता मागावर चढवलेला असतो. आडवा धागा गेल्याशिवाय कापड होतच नाही, म्हणून कापड कशाचे हे बाण्यावरून ठरवायचे. शाफई पंथाची फूटपट्टी वेगळी आहे. तिथे वजन पाहतात, रेशीम निम्म्याहून जास्त आहे की नाही ते. आमचे कोकणी भाऊ शाफई असल्याने त्यांच्या आजोबांना दुकानात कापडाबरोबर तराजूही मागावा लागला असता, असा विनोद एका मित्राने केला होता.

कारागिराने काढलेला मार्ग

विणकराने या नियमाचे काय केले ते पाहा. त्याने ताणा रेशमाचा घेतला, बाणा सुताचा घेतला आणि वीण अशी केली की रेशमाचा प्रत्येक उभा धागा चार, पाच, सात आडव्या धाग्यांवरून तरंगत जाऊन मगच एकदा खाली बुडेल. ही साटीनची वीण. परिणाम असा की वरच्या बाजूला सलग चकाकते रेशीम दिसते आणि अंगाला लागणारी बाजू जवळजवळ पूर्ण सुताची असते. विणून झाल्यावर कापडाला खळ देऊन लाकडी मोगऱ्यांनी कुटत, म्हणजे चकाकी आणखी खुले. ताणाच वर दिसत असल्याने या कापडावर नक्षी येते ती मुख्यतः उभ्या पट्ट्यांची. लाल-पिवळ्या, हिरव्या-जांभळ्या अशा झगझगीत पट्ट्या.

त्याचे नाव मशरू. शरअ, शरीयत, मशरू हे एकाच अरबी धातूचे शब्द. मशरू म्हणजे शरीयतने मान्य केलेले.

याला कुणी पळवाट म्हणेल. मला तसे वाटत नाही. रेशमाची मनाई होती ती चैनीमुळे आणि मशरूने चैनच निम्मी केली. रेशीम महाग होते. ते दुरून यायचे, बंगालहून, इराणहून, चीनहून. कापूस मात्र दख्खनच्या काळ्या मातीत आणि गुजरातेत मुबलक होता. बाणा सुती केल्याबरोबर किंमत उतरली, कापड टिकाऊ झाले आणि आपल्या उन्हात घाम शोषू लागले. धर्माच्या मर्यादेने घातलेली अट आणि खिशाने घातलेली अट एकाच मागावर पुरी झाली.

आणि मग ते मुसलमानांपुरते राहिले नाही, राहण्याचे कारणही नव्हते. पाटण, मांडवी, सुरत ही मशरूची मोठी ठिकाणे. इकडे औरंगाबाद-हैदराबादेकडेही ते विणले जाई. कच्छमधल्या पशुपालक आणि शेतकरी समाजांत बायकांच्या घागऱ्या-चोळ्यांना मशरू लागायचे, लेकीच्या आहेरात ते असायचे. ज्या बाईवर रेशमाची मनाई नव्हती तिनेही ते घेतले, कारण निम्म्या दामात रेशमाचे तेज मिळत होते. उशा, गाद्या, रजयांचे गिलाफ, अंगरख्यांची अस्तरे या सगळ्यांत मशरू शिरले. तुर्कस्तानकडे त्याची निर्यात होत असे.

परवान्याचे कापड

दख्खनचे कापड जुने आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, या दोन गावांचा उल्लेख येतो. तगरहून भडोचच्या बंदरात जाणाऱ्या मालात साधे जाडेभरडे कापड भरपूर असे आणि तलम कापडही असे. साध्या कापडाचा उल्लेख आवर्जून झाला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इतिहासाची पुस्तके बहुधा तलम कापडावरच थांबतात.

देवगिरीचे कापड तर दिल्लीत नावाजलेले होते. अलाउद्दीन खिलजीने 1296 साली देवगिरीवर स्वारी केली आणि पुढे सुलतान झाल्यावर बाजारभाव बांधून दिले. जियाउद्दीन बरनीने ही सारी व्यवस्था तपशिलात लिहून ठेवली आहे. त्यात एक कलम असे की काही उंची कापडे सरकारी परवान्याशिवाय कुणाला विकायची नाहीत. त्या यादीत किनखाब आहे, तबरीजचे कापड आहे, आणि देवगिरीही आहे. परवाना मिळायचा तो अमीर-उमरावांना, त्यांची ऐपत पाहून. हेतू व्यापाऱ्यांना रोखण्याचा होता. दिल्लीत स्वस्तात घेऊन बाहेर चढ्या भावाने विकू नये म्हणून. पण परिणाम हाच की आपल्या मुलखात विणलेले कापड अंगावर घालायला दिल्लीत आधी तुमची ऐपत तपासली जात होती.

मुहंमद तुघलकाच्या काळात हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झाले. त्याच्या कारखान्यांत 400 रेशीम विणणारे आणि 500 जरीकाम करणारे कारागीर होते, असे अल-उमरी लिहितो. तो स्वतः कधी हिंदुस्थानात आला नव्हता, प्रवाशांकडून ऐकून लिहीत होता, तेव्हा आकडे थोडे सैल धरावेत. हे कारागीर विणत होते ते खिलअतीसाठी, म्हणजे दरबारात मानाचा म्हणून दिल्या जाणाऱ्या पोशाखासाठी. पोशाख विकत घ्यायचा नसतो, वरून मिळायचा असतो, असा तो जमाना.

याच सुलतानाने 1327 च्या सुमारास देवगिरीचे दौलताबाद केले आणि दिल्लीची माणसे इकडे आणली. हिमरूचे कारागीर त्यांच्याबरोबर आले असे औरंगाबादेत पिढ्यान् पिढ्या सांगतात. मार्को पोलोला हिमरूची शाल भेट मिळाली होती असेही दुकानदार सांगतात. मार्को पोलो तुघलकाच्या आधीचा, त्यामुळे एकाच दुकानात या दोन्ही गोष्टी ऐकल्या की हसू येते. पण कारागीर कुठून कुठून येऊन या गावात स्थिरावले आणि त्यांचा हुन्नर इथल्या मातीतला झाला, एवढे खरे. मलिक अंबरने 1610 साली खडकी वसवली, 1653 नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले, आता कागदोपत्री ते छत्रपती संभाजीनगर आहे. मागावरच्या माणसाचा पत्ता या सगळ्या काळात फारसा बदलला नाही.

हिमरू हा शब्द फारसी 'हम-रू'वरून आला असे मानतात. हम-रू म्हणजे सारख्या चेहऱ्याचा. सारखा कुणासारखा? किनखाबासारखा. किनखाबात सोन्या-चांदीच्या तारा असत. तो राजेरजवाड्यांनाच परवडे. हिमरूने जमीन सुताची घेतली आणि नक्षीपुरते रेशीम वापरले. बदाम, डाळिंब, अननस, चमेलीच्या वेली. जरीचा तोरा नाही, पण रंगांची मऊ सावली अशी की लांबून पाहणाऱ्याला किनखाबच वाटावा. जवळून पाहिले तर मात्र ते स्वतःचेच काहीतरी असते. उबदार, अंगावर नीट पडणारे आणि टोचत नाही असे. जरीचे कापड घालून जो उन्हाळ्याच्या लग्नात चार तास बसला आहे त्याला हा फरक सांगावा लागणार नाही.

हिमरूच्या जुन्या मागावर एक माणूस पुरत नसे. खाली खड्ड्यात पाय सोडून विणकर बसे आणि वर, मागाच्या माथ्यावर, दुसरा. तो बहुधा पोरगाच असे. नक्षीची सगळी अक्कल वर बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यात असे. विणकराच्या प्रत्येक धोट्याआधी पोराने नेमक्या दोऱ्या ओढून धरायच्या, म्हणजे नेमके धागे उचलले जात. एक दोरी चुकली की डाळिंबाचा दाणा गळाला. दिवसभरात विणून व्हायचे ते मोजक्या इंचांत. पुढे पत्त्यांचे जॅकार्ड आले आणि वरचे पोरगे खाली उतरले. त्याचे बालपण वाचले म्हणायचे की काम गेले म्हणायचे, दोन्ही खरे आहे. बेताच्या कमाईतल्या थाटाबद्दल लिहिताना हे पोरगे विसरता येत नाही. हिमरू घेणाऱ्याचा खर्च आटोक्यात राहिला त्यात त्याच्या मजुरीचा वाटा होता, आणि विणणाऱ्या घरात स्वतःच्या मागावरचे कापड अंगावर चढे ते फार तर एखाद्या लग्नात.

निजामाची शेरवानी आणि कारकुनाची

1763 मध्ये निजाम अली खानाने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली. औरंगाबादचे वैभव ओसरले तरी हिमरूला गिऱ्हाईक राहिले, कारण निजामाच्या राज्यात शेरवानीचे महत्त्व वाढत गेले. ती मुसलमानांपुरती नव्हती. मराठवाड्यातले हिंदू वकील, शिक्षक, वतनदार शेरवानी घालत. कचेरीत जायचे तर ती हवीच. कारकून, मास्तर, पेशकार यांच्या घरात रोजची शेरवानी सुती आणि समारंभाची, ऐपत असेल त्याची, हिमरूची. एकदा शिवली की आयुष्यभर पुरवायची.

याच राज्याचा शेवटचा निजाम, मीर उस्मान अली खान, 1937 मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला. त्याच्या कपड्यांचे किस्से सर्वांना ठाऊक आहेत. चुरगळलेला पायजमा, विटलेली शेरवानी, वर्षानुवर्षे तीच टोपी. लिंबाएवढा हिरा तो कागदावर वजन म्हणून ठेवायचा आणि अंगात मात्र असे. लोक हे त्याचा साधेपणा म्हणून सांगतात, कुणी कंजूषपणा म्हणून सांगतात. मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. निजामाला गबाळे राहणे परवडत होते. विटक्या शेरवानीतही तो निजामच होता. त्याच्या कचेरीतल्या कारकुनाने तशी शेरवानी घालून यायचे ठरवले असते तर त्याला दारातच अडवले असते.

साधेपणाचे कौतुक करताना आपण हा हिशेब करत नाही. ज्याच्याकडे सगळे आहे त्याने फाटके घातले तर तो फकीर वृत्तीचा. ज्याच्याकडे काही नाही त्याने फाटके घातले तर तो भिकारी आणि धड घातले तर नाटकी. त्याला तिसरी जागाच ठेवलेली नाही.

ही जागा मिळवण्यासाठी या महाराष्ट्रात भांडावे लागले आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना मुद्दाम कपड्यांबद्दल सांगितले. जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची आखूड पद्धत सोडा, इतर बायका नेसतात तसे पायघोळ नेसा, गळ्या-हातातले ते ढीगभर दागिने टाका, स्वच्छ राहा, असा त्या बोलण्याचा आशय होता. लगोलग बायकांनी नेसण बदललीही. त्यात खर्चाचा प्रश्न नव्हता, लुगडे तेच होते. स्वतः बाबासाहेब सूट घालत आणि त्यावरही टीका होई. 1950 साली त्यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या कॉलेजात इस्त्रीचा सदरा घालून जाणाऱ्या पहिल्या पिढीने काय ऐकून घेतले असेल, ते ईदगाहबाहेरच्या वाक्यापेक्षा फार वेगळे नसावे. आपल्यातही 'जुलाहा' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, विणकराने अशराफांसारखा पोशाख केला की त्याच्यावर म्हणी रचल्या गेल्या. म्हणूनच त्या समाजाने स्वतःला मोमीन आणि अन्सारी म्हणवून घेणे पसंत केले. इस्लामचे नाव घेऊन हे झाले नाही असे म्हणण्याची सोय नाही.

मोसमकाठचे लुगडे

1857 च्या बंडानंतरच्या वर्षांत आझमगड, मऊ, बनारसच्या बाजूचे अनेक मोमीन विणकर दक्षिणेला सरकत आले. धुळे, भिवंडी, मोसम नदीकाठचे मालेगाव इथे त्यांनी खड्डे खणून माग मांडले. घरात उर्दू-अवधी बोली बोलणाऱ्या या माणसांनी विणले काय, तर मराठी बायकांचे लुगडे. नऊवारी, रंगीत, काठापदराचे. खानदेशात कुठल्या रंगाला मागणी, वऱ्हाडात कुठला काठ चालतो, घाटावर पदर किती लांब लागतो, हे सगळे त्यांना शिकावे लागले आणि ते शिकले. गिरणीचे कापड स्वस्त असूनही हातमाग तगला याचे एक मोठे कारण ही गिऱ्हाईक बाई होती. तिच्याकडे पैसे थोडे होते, वर्षाकाठी एक-दोन लुगडी घ्यायची होती, म्हणून तर ती जास्त चोखंदळ होती. रंग जाता कामा नये, काठ पक्का हवा आणि चारचौघींत आपल्या भागाचा दिसला पाहिजे. घरातल्या पोरीबाळी कांड्या भरत, बाप विणत असे, आणि मंगळवारच्या बाजारात ते लुगडे घेणारी शेतकरीण ते कुणी विणले हे विचारत नसे. गावाकडच्या मुसलमान बायकाही तेच नेसत.

काठापदराची हीच युक्ती आणखी खाली, इलकलच्या साडीत दिसते. दक्षिण महाराष्ट्रात जिला इरकल म्हणतात तिचे अंग सुती आणि पदर रेशमी. अंगाचे सुती उभे धागे आणि पदराचे रेशमी उभे धागे एकमेकांत अडकवून जोडतात. नजर जिथे पडते तिथे रेशीम, बाकी सगळीकडे सूत. मशरूवाल्याने वरखाली जे केले ते इरकलवाल्याने लांबीत केले. या दोघांची कधी भेट झाली असेल असे नाही. खिसा सगळीकडे सारखाच असतो.

1920 नंतर कृत्रिम रेशीम आले तेव्हा काठात ते घालायला विणकरांनी वेळ लावला नाही. त्याच सुमारास खिलाफत आणि असहकाराच्या चळवळीत खादीचे वारे होते. मौलाना मुहंमद अली-शौकत अलींच्या आई, बी अम्मा, खादीचा प्रचार करत फिरत होत्या. त्याबद्दल आदरच आहे. पण खादीला हातकताईचे सूत लागते आणि मालेगावचा मोमीन विणत होता गिरणीच्या सुतावर. साधेपणाच्या त्या व्याख्येत त्याचे लुगडे बसत नव्हते. म्हणजे देशातल्या विणकराच्या हातचे कापड, देशातल्या गरीब बाईने हौसेने घेतलेले, तरी ते पुरेसे साधे नाही. 1930 च्या दशकात मालेगावात यंत्रमाग येऊ लागले, पुढे नऊवारी नेसणेच कमी झाले, आणि हा प्रश्न न सुटताच मागे पडला.

हिमरूचे तर आश्रयदातेच एका झटक्यात गेले. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1949 मध्ये जहागिऱ्या संपल्या. ते व्हायलाच हवे होते, जहागिरी गेल्याचे दुःख करण्यासारखे काही नाही. पण शेरवानी कचेरीतून गेली ती कायमची. आता ती उरली आहे लग्नात, नवरदेवाच्या अंगावर. आणि ती बहुधा भाड्याची असते, पॉलिस्टरची, वर खडे आणि चकाकत्या दोऱ्याचा किनखाबी आव. एका रात्रीचे भाडे आणि वर अनामत. औरंगाबादेत हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शालींतही यंत्रावरच्या नकलाच जास्त, आणि खरे हिमरू हातमागावर विणणारे आता बोटांवर मोजण्याइतके. सारख्या चेहऱ्याच्या कापडालाही सारख्या चेहऱ्याचे कापड निघाले.

फुजूलखर्चीची तकरीर करणाऱ्यांशी माझा वाद आहे तो इथे. भाड्याची शेरवानी ही उधळपट्टी आहे, हे मला मान्य आहे, कारण दुसऱ्या दिवशी हातात काही उरत नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणून नवऱ्या मुलाने गबाळे दिसावे असे सांगितले तर तो ऐकणार नाही, आणि का ऐकावे? त्याच्या पणजोबाने त्याच कमाईत याहून कितीतरी देखणे कापड वापरले होते. पोराच्या हौसेत काही बिघडलेले नाही. त्याच्या ऐपतीत बसेल असे चांगले कापड विणणारा माणूसच आपण टिकू दिला नाही, हे बिघडले आहे.

आमच्या घरी एक शेरवानी आहे. ती आजोबांनी स्वतःच्या निकाहला शिवली. वडिलांच्या निकाहला ती खांद्यात सैल केली, चुलत्यांच्या वेळी पोटात. माझ्या वेळेस टेलरने अस्तर उसवले आणि मला बोलावून दाखवले. जुन्या टेलरने प्रत्येक शिवणीत दोन-दोन बोटे कापड जास्तीचे आत मुडपून ठेवले होते, पुढच्या माणसासाठी. बाहेरचा रंग तोवर विटून बदामी झाला होता. आतला तो पट्टा मात्र उन्हाला कधी लागलाच नव्हता. तो अजून डाळिंबासारखा लाल होता.